तीन पाडवे

नव्या वर्षाकडून साध्या माणसाच्या मागण्या फार नसतात. घरातल्यांची प्रकृती धड राहावी, मुलांचे शिक्षण मार्गी लागावे, हाताला काम असावे आणि पाऊस वेळेवर यावा, एवढे झाले तरी तो वर्ष बरे गेले म्हणतो. चैत्र शुद्ध प्रतिपदेला सकाळी गुढीपुढे हात जोडताना हीच यादी मनातल्या मनात वाचली जाते. त्यानंतर कडुलिंबाची कोवळी पाने, गूळ, ओवा, हिंग आणि मीठ वाटून केलेली चटणी जिभेवर ठेवायची आणि मगच श्रीखंड-पुरीच्या ताटाकडे वळायचे, असा रिवाज आहे. आधी कडू, मग गोड.

२०२० साली हा क्रम फारच लांबला. त्या वर्षीचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातली एकवीस दिवसांची टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून घोषणा केली आणि पाडव्याच्या खरेदीचा विचार सोडून लोक डाळ, तांदूळ, पीठ मिळेल त्या दुकानाकडे धावले. तेलुगू आणि कन्नड घरांत तोच दिवस उगादीचा. एकवीस दिवसांची मुदत संपायची होती १४ एप्रिलला. तो दिवस तमिळांच्या पुत्तांडूचा, मल्याळी विशूचा आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीचा. त्याच दिवशी सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे जाहीर झाले. देशातल्या कितीतरी भाषांची नवी वर्षे त्या साली बंद दारांआडच उजाडली.

रात्र नावाचे वर्ष

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पाच माणसांचे एक कुटुंब राहते. म्हणजे तेव्हा पाच होती. पोस्टातून निवृत्त झालेले चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, आजी, लोअर परळला एका खासगी कंपनीत नोकरी करणारा मुलगा, प्राथमिक शाळेत शिकवणारी सून आणि नववीतली नात. लेक लग्न होऊन हैदराबादला गेलेली. अशी घरे डोंबिवलीत हजारो असतील.

डोंबिवलीकरांना पाडव्याचे अगत्य थोडे जास्तच. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली इथल्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि तिथून ती ठाणे, गिरगाव करीत महाराष्ट्रभर पसरली. आजोबा पहिल्या वर्षापासून यात्रेत जात. धोतर नेसून, डोक्याला पागोटे बांधून निघायचे आणि दुपारी उन्हाने लाल होऊन परत यायचे, हा त्यांचा नेम. २०२० साली यात्रा रद्द झाली. फुले नाहीत, आंब्याची डहाळी नाही, साखरेची गाठी नाही. आजींनी साखरेचा घट्ट पाक करून दोऱ्यावर चार पदके पाडली आणि घरातल्याच पैठणीच्या ब्लाऊजपीसची गुढी उभी राहिली. कडुलिंब मात्र इमारतीच्या आवारातच होता.

दुपारी आजोबांनी पंचांग उघडले. दरवर्षी ते संवत्सरफल मोठ्याने वाचत आणि बाकीचे पेंगत ऐकत. शके १९४२ चे नाव निघाले शार्वरी. शर्वरी म्हणजे रात्र. आजींच्या हातातली वाटी तशीच राहिली. "आजच असं नाव यायचं होतं का?" त्या म्हणाल्या.

आजोबा हसले. "नावावर काही नसतं गं. साठ नावं आहेत, ती पाळीपाळीनं येतात. साठ वर्षांपूर्वी, १९६० ला, हेच शार्वरी होतं. त्या वर्षी १ मेला महाराष्ट्र राज्य झालं. त्याच्या पुढचं प्लव. प्लव म्हणजे तराफा, तारून नेणारा. आणि त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटलं. नारायण पेठेत मामाच्या घरात पाणी शिरताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. तरायचं की बुडायचं, ते पंचांगाला काय विचारायचं?"

हा माणूस पंचांग आवडीने वाचायचा, पण त्याच्यावर विसंबायचा नाही. त्या दुपारी घराला त्याचाच आधार वाटला.

पुढचे महिने सगळ्यांच्याच ओळखीचे आहेत. लोकलचा आवाज बंद झाला. ज्यांचे सारे आयुष्य गाड्यांच्या वेळापत्रकावर गेले, त्या डोंबिवलीकरांना ती शांतता झोपू देईना. मुलाचा पगार निम्म्यावर आला. सून स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल उभा करून पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवू लागली. वर्गातली निम्मी मुले दिसतच नसत, कारण घरातला एकुलता मोबाइल वडील कामावर घेऊन गेलेले असत. दूरदर्शनवर डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसे दिसत. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले आणि रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र छापून आले, त्या दिवशी आजींनी ताटावर बसून फक्त पाणी प्याले. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाची मूर्तीच बसली नाही, तिथे रक्तदान झाले. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यातली देवळे उघडली, तेव्हा कुठे माणसांना आपण रात्र पार केली असे वाटू लागले.

३१ डिसेंबरची आशा

२०२० चा शेवटचा दिवस रात्रीच्या संचारबंदीत गेला. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या हद्दीत २२ डिसेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत रात्री अकरा ते सकाळी सहा बाहेर पडायला मनाई होती. तरी त्या रात्री घरोघर एक प्रकारचा आनंद होता. एखादा नकोसा पाहुणा जाताना दार लावून घेतल्यावर जसे वाटते, तसे. "गेलं एकदाचं २०२०" हा निरोप ज्याच्या त्याच्या मोबाइलवर फिरत होता. आजोबांनी भिंतीवरची जुनी दिनदर्शिका काढून नवी लावली आणि जुनी रद्दीत न टाकता फाडून टाकली. असे त्यांनी पूर्वी कधी केले नव्हते.

आशेला कारणेही होती. ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन लसींना आपत्कालीन वापरासाठी परवानगी मिळाली. योगायोग असा, की तो दिवस सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीचा. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. त्याच प्लेगवरची लस हाफकिन यांनी मुंबईतल्या प्रयोगशाळेत तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती. सव्वाशे वर्षांनी पुन्हा एकदा लस महाराष्ट्रातूनच निघत होती. १२ जानेवारीला पुण्याहून कोविशील्डच्या खोक्यांच्या पहिल्या गाड्या सुटल्या, तेव्हा गाडीला हार घालून पूजा झाली. ते दृश्य पाहून आजींनी दूरदर्शनसमोरच हात जोडले. १६ जानेवारीपासून लसीकरण सुरू झाले. १ फेब्रुवारीपासून ठरावीक वेळांत सर्वांना लोकलने प्रवास करता येऊ लागला. सप्टेंबरात देशात दिवसाला नव्वद हजारांवर सापडणारे रुग्ण फेब्रुवारीत दहा हजारांच्या आसपास आले. लग्नांचे मुहूर्त पुन्हा धरले गेले, कार्यालये आरक्षित झाली.

आशा वाईट नसते. तिच्यावाचून माणूस उद्याचे दूध आजच सांगून ठेवणार नाही. पण आशेला एक खोड असते, ती डोळे जडावते. फेब्रुवारीतच अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लावावी लागली होती. ती बातमी वाचून बहुतेकांनी पान उलटले. अमरावती लांब आहे, असेच मुंबई-पुण्याला वाटले.

पान न उलटणारे थोडे लोक होते. नंदुरबार हा आदिवासी आणि राज्यातल्या मागास समजल्या जाणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः भिल्ल समाजातून आलेले आणि डॉक्टर. २०२० च्या सप्टेंबरात तिथे प्राणवायूचा पहिला प्रकल्प उभा राहिला. पुढे रुग्ण कमी झाले, तरी त्यांनी काम थांबवले नाही, आणखी प्रकल्प उभे केले, खाटा वाढवल्या. एप्रिल २०२१ मध्ये मोठमोठी शहरे प्राणवायूसाठी तडफडत असताना गुजरात आणि मध्य प्रदेशातून रुग्ण नंदुरबारला येत होते. नव्या वर्षाची आशा तिथेही होतीच. फक्त तिच्या जोडीला सिलिंडर भरून ठेवलेले होते.

डोंबिवलीतल्या त्या घरात काय झाले, तेही याच हिशेबात बसते. १ मार्चपासून साठ वर्षांवरील लोकांना लस मिळू लागली. सुनेने मोबाइलवर दोघांचीही नोंदणी करून दिली. ठरल्या दिवशी आजोबा केंद्रापर्यंत गेले आणि रांग पाहून परत आले. "त्या गर्दीत उभं राहूनच काहीतरी लागायचं. पाडवा होऊ दे, गर्दी ओसरली की आरामात टोचून घेऊ." आजी त्यांच्याशिवाय जाणार नव्हत्या. वर्षभर घरात बसून काही झाले नाही, आता महिन्याने काय होते, असा सरळ विचार होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा निघाले, तेव्हा केंद्राच्या फाटकावर 'लस उपलब्ध नाही' असा कागद चिकटवलेला होता.

दुसरा पाडवा

१३ एप्रिल २०२१. शके १९४३, प्लव संवत्सर. यंदा गाठी मिळाली होती, झेंडूही मिळाला होता. स्वागतयात्रा याही वर्षी नव्हतीच. आजोबांनी वेळूची काठी स्वच्छ धुतली, वस्त्र बांधले, वर तांब्या उपडा घातला. हैदराबादहून लेकीने मोबाइलवर उगादीची पच्चडी दाखवली. कडुलिंबाची फुले, गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि मिरची, अशा सहा चवी. "आमच्याकडे दोनच चवी असतात," आजोबा म्हणाले, "कडू नि गोड. बाकीच्या चार वर्षभरात आपोआप मिळतात."

संध्याकाळी गुढी उतरवताना त्यांचे अंग मोडून आले. रात्री साडेआठ वाजता मुख्यमंत्री बोलले. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यात पंधरा दिवसांचे कडक निर्बंध. सलग दुसऱ्या वर्षी नवे वर्ष आणि कुलूप एकाच दिवशी आले होते.

तपासणीचा निकाल यायला तीन दिवस लागले. तोवर बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा ९४ वरून ८९ वर आला होता. मुलगा फोन घेऊन गॅलरीत उभा राहिला तो दोन दिवस तिथेच होता. पालिकेचा क्रमांक, ओळखीचे डॉक्टर, शाळेतला मित्र, मित्राचा मेव्हणा. १८ एप्रिलला एका कोविड केंद्रात खाट मिळाली. त्या एका दिवसात महाराष्ट्रात अडुसष्ट हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. जिना उतरताना आजोबांनी मागे वळून पाहिले नाही, कारण मुलाने त्यांना धरले होते आणि त्यांना पायरी दिसत नव्हती. आजी दाराच्या आत, तोंडाला दुपट्टा लावून उभ्या होत्या. त्यांचाही निकाल बाधित असा आला होता.

तिसऱ्या दिवशी त्यांचा एक फोन आला. श्वास पुरत नव्हता, म्हणून तुटक बोलले. "काठी गॅलरीत राहिलीय. उन्हानं तडकते. आत घे." आजी हो म्हणाल्या. त्यांना आणखी काही बोलायचे होते, पण तिकडे परिचारिकेने फोन घेतला. २४ एप्रिलला पहाटे ते गेले. मुलगा एकटा स्मशानात गेला, पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात. लेक हैदराबादहून येऊ शकली नाही. दहाव्याचे मंत्र गुरुजींनी फोनवरून सांगितले. आजी त्या सगळ्या दिवसांत आतल्या खोलीत, दाराशी ठेवलेल्या ताटातले अन्न खात होत्या. बऱ्या होऊन बाहेर आल्या तेव्हा घरात आजोबांचा चष्मा होता, पंचांग होते आणि गॅलरीत काठी होती.

अधिकृत नोंदींप्रमाणे या साथीने महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे नेली. आकडा मोठा असला की त्याचे दुःख कमी वाटते, हे खरे. त्यातल्या प्रत्येकाच्या मागे अशी एखादी गॅलरी आणि एखादी काठी राहिली असेल, असे पाहिले म्हणजे तो आकडा कळू लागतो.

तळमजल्यावरची सून

त्याच इमारतीच्या तळमजल्यावर मे महिन्यात चौतीस वर्षांची एक बाई विधवा झाली. नवरा रिक्षा चालवायचा. पदरात दोन मुले, वर रिक्षाचे कर्ज. सासरच्यांनी आठव्या दिवशीच तिला "आता गावाला ये" म्हणून सांगितले, पण मुलांची शाळा होती आणि घर भाड्याचे का होईना, तिच्या नवऱ्याने घेतलेले होते. ती गेली नाही.

आजी तिला पूर्वी फक्त जिन्यात भेटत. आता दुपारी ती वर येऊन बसू लागली. दोघींचे बोलणे फार नसे. आजी शेंगा सोलत, ती मुलांच्या चड्ड्यांना बटणे लावी. एक दिवस ती म्हणाली, "काकू, तुम्ही साठ वर्षांच्या पुढे झालात तेव्हा कुंकू गेलं. मला अजून तितकीच वर्षं काढायचीत." यावर आजींना उत्तर सुचले नाही. त्या रात्री त्यांना झोपही लागली नाही.

साथीत आई-वडील दोन्ही गमावलेल्या मुलांसाठी जून २०२१ मध्ये राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव जाहीर केली. विधवा झालेल्या स्त्रियांसाठी 'मिशन वात्सल्य' सुरू झाले. मृतांच्या वारसांना पन्नास हजार रुपये देण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केली. पण योजना तालुक्याला असते आणि माणूस घरात असतो. मधले अंतर कुणीतरी चालावे लागते. इथे ते नातीने चालले. त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली होती आणि अकरावीचे वर्ग धड सुरू झाले नव्हते. तिने मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचे पुस्तक असे सगळे कागद जमवून अर्ज भरला. एकदा अर्ज परत आला, दाखल्यावरच्या नावात एक अक्षर चुकले होते. पुन्हा भरला. पैसे जमा झाले तेव्हा तळमजल्यावरच्या सुनेने त्यातून मोठा तवा आणि पोळपाट घेतला आणि आसपासच्या नोकरदार घरांना पोळ्या करून द्यायला सुरुवात केली.

यातून नातीला एक गोष्ट कळली, जी दहावीच्या पुस्तकात नव्हती. संकटानंतरची आशा पुष्कळदा कागद, शिक्का आणि रांग अशा रूक्ष रूपातच येते, आणि ती ओळखून तिच्यामागे लागावे लागते.

तिसरी गुढी

२०२१ च्या २१ ऑक्टोबरला देशात लसींच्या मात्रांचा आकडा शंभर कोटींवर गेला. या घरात तोवर उरलेल्या सगळ्यांच्या दोन्ही मात्रा झाल्या होत्या. जानेवारीत आणखी एक लाट येऊन गेली. तिच्यात मुलगा आणि सून दोघेही तापले, चार दिवसांत उठले. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रातले सर्व निर्बंध उठले आणि दुसऱ्याच दिवशी पाडवा होता. शके १९४४, शुभकृत संवत्सर.

पंचांग आणले होते, पण वाचायला कुणी नव्हते. नातेवाइकांचे फोन आठ दिवस आधीपासून सुरू झाले होते. वर्षश्राद्धाला दहा-बारा दिवस बाकी आहेत, वर्ष पुरे झालेले नाही, गुढी उभारायची नाही, गोडधोड करायचे नाही. मुलालाही ते पटत होते. हैदराबादहून आलेली लेक गप्प होती.

आजींनी आदल्या रात्री दारामागून काठी काढली आणि न्हाणीघरात नेऊन धुतली. मुलगा म्हणाला, "आई, यंदा राहू दे ना. लोक काय म्हणतील?"

"लोक गेल्या वर्षी कुणी आले होते का?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कुणाला येताच आलं नाही, मी कुणाला बोल लावत नाही. पण त्यांनी शेवटचा शब्द काठीबद्दल टाकला. ती दारामागं उभी करून ठेवायला नव्हता टाकला."

सकाळी सुनेने वस्त्र बांधले. नातीने गाठी आणि कडुलिंबाचा डहाळा बांधला. आजी सवयीने दोन पावले मागे सरकल्या. नातीने पंचपाळे त्यांच्यापुढे धरले. "आजी, हळद-कुंकू तू लाव." घरात क्षणभर कुणी बोलले नाही. मग आजींनी बोट बुडवून काठीला आधी हळद, मग कुंकू लावले. बोटाला राहिलेले कुंकू त्यांनी पदराला पुसले. खालच्या रस्त्यावरून दोन वर्षांनी निघालेल्या स्वागतयात्रेचे ढोल ऐकू येत होते. लेक खिडकीत जाऊन रडत होती. चटणी कडू झाली होती, नेहमीसारखीच.

चैत्रातले हळदीकुंकू

वर्षश्राद्ध झाले आणि आजींनी आणखी एक बेत सांगितला. चैत्रगौर बसवायची. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर घरोघर गौर झोपाळ्यावर असते. कैरीची डाळ, पन्हे, ओले हरभरे, कलिंगडाची फोड असा थाट असतो आणि सवाष्णींना बोलावतात. ज्या घरातली कर्ती बाई विधवा झाली, तिथे हे हळदीकुंकू सुनेकडे जाते आणि सासू आत बसते, हा अलिखित नियम. आजींनी सुनेकडून यादी लिहून घेतली. यादीत पहिले नाव तळमजल्याचे होते.

"ती येणार नाही, आई," सून म्हणाली. "तिला भीती वाटेल."

"मग मी खाली जाऊन घेऊन येईन."

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी हळदीकुंकू झाले. बोलावल्या होत्या अठरा जणी, आल्या अकरा. दोघी दारातूनच डाळ घेऊन गेल्या. तळमजल्यावरची सून फिकट साडी नेसून आली आणि कोपऱ्यात बसली. आजींनी स्वतः तिच्या कपाळाला कुंकू लावले, ओंजळीत हरभरे घातले, केसात गजरा माळला. मग पंचपाळे तिच्या हातात देऊन आपले कपाळ पुढे केले. तिचा हात थरथरत होता, कुंकू थोडे नाकावर सांडले. कुणीतरी हसले, मग ती स्वतःही हसली. न आलेल्या सात जणींबद्दल आजी नंतर एवढेच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येतील. नाही आल्या तर डाळ पाठवू."

त्या शुक्रवारनंतर आठवडाही झाला नव्हता, तोच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातून एक बातमी आली. हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. साथीत तरुण वयात विधवा झालेल्या स्त्रियांचे हाल गावाने पाहिले होते. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सुचवले आणि गावोगाव तसे ठराव होऊ लागले. ज्या महाराष्ट्रात महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले, तिथे हे व्हायला २०२२ साल उजाडले, याची खंत वाटायला हवी. पण एका गावाने ते आपणहून केले, हेही लहान नाही. ठरावाने मन बदलते असे नाही. तरी ज्या बाईला आपले कपाळ आपणच ठरवायचे आहे, तिच्या पाठीशी गाव उभे आहे, हे त्या कागदाने नोंदवले गेले.

आजींनी ते कात्रण कापून शुभकृत संवत्सराच्या पंचांगात ठेवले.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तोवर लोक मुखपट्टी विसरले होते, सॅनिटायझरच्या बाटल्या माळ्यावर गेल्या होत्या. विसरणे हाही माणसाचा एक औषधोपचारच आहे, त्यावाचून जगता येत नाही. पण सगळेच विसरून चालत नाही. २०२१ च्या सुरुवातीला देश विसरला होता, त्याची किंमत एप्रिल-मेमध्ये मोजावी लागली. मोठी संकटे टळतील की नाही, हे कुणाच्या हातात नाही. ती आली तर आपण कुणाच्या दारात जाऊ आणि कोण आपल्या दारात येईल, हे मात्र आधी ठरवून ठेवता येते. नव्या वर्षाकडून काय मागावे, याची यादी प्रत्येक घर करतेच. आपण काय करून ठेवावे, याचीही दोन ओळींची यादी तिच्याखाली असायला हरकत नाही.

डोंबिवलीच्या त्या घरात ती आहे. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी आजी औषधांचा डबा पुढ्यात घेऊन बसतात. मुदत संपलेल्या गोळ्या काढून टाकतात, बोटाला लावायच्या यंत्राचे सेल बदलायला लावतात, डॉक्टरांचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला नीट चिकटलेला आहे ना, ते पाहतात. कुणाची कुठली लस घ्यायची राहिली असेल तर तिची तारीख त्याच दिवशी ठरते, पाडवा झाल्यावर बघू असे त्या घरात आता कुणी म्हणत नाही. एवढे झाले की त्या नातीला खाली पिटाळतात.

"तिला म्हणावं, पोळ्या उद्या दुपारनंतर. सकाळी आठला गुढीला ये, मुलांना घेऊन."